तिसरं बटण

जावईबापूंच्या शर्टाचं तिसरं बटण नको त्या वेळी तुटलं. समोर आंतरराष्ट्रीय कीर्तीचा दिग्दर्शक बसला होता. निदान त्याच्या मते तरी होता. बटण टपकन उडालं, काचेच्या टेबलावर दोन टप्पे खाऊन त्याच्या कॉफीत जाऊन पडलं.

"सॉरी," म्हणत जावईबापूंनी पोट आत ओढलं. पोट काही आत जाण्यातलं नव्हतं.

सासूबाईंनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. "सकाळीच म्हटलं होतं, दुसरा शर्ट घाला. हं दिग्दर्शक, तुमचं चालू द्या. काय हरवलंय?"

"बाई हरवलीय," दिग्दर्शक म्हणाला. "आणि ज्यांची गरज नाही अशा तीन सापडल्यात."

सासूबाईंनी तीस वर्षं सिनेमात 'कंटिन्युइटी' सांभाळली होती. म्हणजे एका शॉटमध्ये नायकाच्या कपात अर्धा चहा असेल, तर पुढच्या शॉटमध्येही अर्धाच आहे ना, हे बघायचं. निवृत्त झाल्यावर त्या खाजगी तपास करायला लागल्या. माणसं खोटं बोलतात ती कपात चहा जास्त ओतूनच, असं त्यांचं म्हणणं. विमा कंपनीनं लवकर घरी पाठवलेले जावईबापू त्यांचे मदतनीस. त्यांनी पहिल्याच अशिलाला "या आमच्या सासूबाई" अशी ओळख करून दिली आणि तेव्हापासून सगळा गाव त्यांना सासूबाईच म्हणायला लागला. स्वतः जावईबापू मात्र त्यांना 'आई' म्हणायचे. घरात राहायचं होतं ना!

निर्मितीसंस्थेच्या त्या ऑफिसात लग्नघराची गडबड होती. पुरस्कार सोहळा तीन आठवड्यांवर आला होता. कोपऱ्यात लाकडी खोक्यावर उभं राहून तरुण नायक सोहळ्याचा कोट अंगावर बेतून घेत होता. ड्रेसवाली त्याच्याभोवती फिरत होती. तिच्या गळ्यात चार बो-टाय, खांद्यावर दोन पँटी, नाकावर चष्मा, डोक्यावर कुणाची तरी हॅट. हातात मावत नाही ते अंगावर चढवायचं आणि हात मोकळे ठेवायचे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'कामगार फ्रेममध्ये दिसला, तर दुसऱ्या दिवशी घरी.'

"ही कुणाची कविता?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्यांची. निर्मात्याच्या आत्या. संस्था त्याच चालवतात. गेल्या महिन्यात एका लाइटवाल्याचं कोपर शॉटमध्ये आलं. कोपर आणि तो, दोघंही गेले." दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. "ए ड्रेस, साहेबांच्या कॉफीतलं... म्हणजे माझ्या कॉफीतलं साहेबांचं बटण लाव."

ड्रेसवालीनं चमच्यानं बटण काढलं, पुसलं आणि जावईबापूंसमोर उभी राहिली. तिचा एक गार हात शर्टाच्या आत गेला, दुसरा बाहेर सुई घेऊन. जावईबापूंना गुदगुल्या झाल्या. पण समोर दिग्दर्शक कळवळून बोलत होता, तेव्हा चेहरा गंभीर ठेवणं भाग होतं. "बायकोला सांगू नका हां," त्यांनी विनोद केला. ड्रेसवालीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं फक्त "हं" केलं, दोरा कापला आणि परत नायकाकडे गेली.

"ताई, बसून करा," नायक तिला म्हणाला आणि स्वतःच खोक्यावरून उतरून स्टूल घेऊन आला. "गुडघे दुखतील."

सासूबाईंनी वहीत काहीतरी टिपलं. जावईबापूंना वाटलं, किराणा असेल.

भानगड अशी होती. सिनेमाच्या शेवटाकडे नायक लॉन्ड्रीत शर्ट घ्यायला जातो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईनं तो द्यायचा, यानं घेऊन निघायचं, बस. पण प्रत्यक्ष शॉटमध्ये बाईनं शर्ट दिलाच नाही. नायकाच्या अंगातल्या शर्टाचं तुटलेलं बटण ती लावत बसली. तीन मिनिटं. एक शब्द न बोलता. नायकाच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"परदेशात लोक खुर्चीला धरून रडले!" दिग्दर्शक म्हणाला. "सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. जगातल्या पाच जणींत एक! आणि ती कोण, हे आम्हाला ठाऊक नाही."

"तुम्ही दिग्दर्शक ना हो?"

"मी मागच्या खोलीत होतो, तळहाताएवढ्या पडद्यासमोर. दुकानात वाफच वाफ. स्कार्फ बांधलेली बाई काउंटरपाशी दिसली, मी ओरडलो, 'चालू!' संपल्यावर मी इतका रडत होतो की ध्वनिमुद्रकाच्या गळ्यात पडलो. बाहेर येईपर्यंत बाई गायब. मला वाटलं, ठरवलेली नटी असेल, गेली असेल. दुकान फक्त दोन वाजेपर्यंत मिळालं होतं, सगळी पळापळ. आता पाच वाजेपर्यंत तिच्या सहीचा फॉर्म पाठवला नाही तर नामांकन रद्द. चुकीची बाई पाठवली तर जगभर शोभा. हे नामांकन गेलं ना, सासूबाई, तर माझा सिनेमा कपाटात जाईल. कुणी बघणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्यानं कीर्ती वगैरे बाजूला ठेवून, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखं म्हटलं. जावईबापूंना पहिल्यांदाच तो आवडला.

"लावा तो शॉट," सासूबाई म्हणाल्या.

पडद्यावर वाफ. वाफेत स्कार्फ बांधलेली बाई, चष्मा पांढराफटक झालेला, ओठ घट्ट मिटलेले. डावा हात नायकाच्या शर्टाच्या आत, छातीवर.

"बघा, हृदयावर हात!" दिग्दर्शक कुजबुजला. "आणि हे मौन! एका परदेशी समीक्षकानं लिहिलंय, 'त्या मिटलेल्या ओठांत एक अख्खं शतक गप्प बसलेलं आहे.'"

"थांबवा. ओठाच्या कोपऱ्यात काय चमकतंय हे?"

"अश्रू. त्यावर वेगळा लेख आलाय."

सासूबाईंनी चष्मा पुसून ते चमकणारं बराच वेळ पाहिलं. मग पुढचा शॉट बघितला. खिडकीत बसून नायक शर्टाच्या बटणाशी चाळा करतोय. चार भोकांची बटणं. "बाकीच्या बटणांना दोऱ्याची फुली," त्या पुटपुटल्या. "तिसऱ्याला दोन रेघा. शेजारी शेजारी. जावईबापू, लक्षात ठेवा."

"ठेवलं," जावईबापू म्हणाले. त्यांच्या लक्षात एवढंच होतं की जेवायची वेळ टळून गेली आहे.

मग सासूबाई नायकाकडे वळल्या. "काय हो, तीन मिनिटं ती बाई तुमच्यापासून वीतभर लांब होती. चेहरा आठवत नाही?"

"माझे डोळे भरलेले होते," नायक म्हणाला. त्याचा हात आपोआप छातीवर गेला. "नाही दिसला."

"ग्लिसरीन?"

"छे!" दिग्दर्शकच मध्ये बोलला. "शुद्ध अभिनय! सीनमध्ये रडणं नव्हतंसुद्धा. यानं उत्स्फूर्तपणे केलं."

नायक कोटाच्या बाहीशी चाळा करायला लागला. ड्रेसवाली त्याच्या कोटाची शिवण उसवत होती, तिची मान आणखी खाली गेली.

शेजारच्या खोलीत 'ती मीच' म्हणणाऱ्या तिन्ही बायका वाट बघत होत्या. आत जाण्याआधी सासूबाईंनी पर्समधून कात्री काढली आणि कच्, कच्, कच्. जावईबापूंच्या शर्टाचं पहिलं, दुसरं आणि चौथं बटण कापून टाकलं.

"अहो आई!"

"तपासाला त्याग लागतो, जावईबापू."

पहिली आली रंगभूमीवरची ज्येष्ठ नटी. खरी ठरवलेली हीच. ती इतकी ताठ चालत आली की जावईबापू उठून उभे राहिले.

"मी तीन तास काम केलं त्या दुकानात," ती म्हणाली. "शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. कुणी 'चालू' म्हणेना, कुणी 'कट' म्हणेना. म्हटलं, नवीन पद्धत असेल. कॅमेरासुद्धा लपवून ठेवलेला, वर छताच्या कोपऱ्यात. त्यावर सारखा लाल दिवा लुकलुकत होता."

"आणि नायक?"

"आलाच नाही. पण मी त्याच्या नसण्याचाही अभिनय केला."

जावईबापू हसायला तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. "यांच्या शर्टाला बटण लावून दाखवता?"

नटीनं हातभर लांब दोरा ओढला, डोळे मिटले आणि सुई थेट जावईबापूंच्या बेंबीच्या वर चार बोटं खुपसली. जावईबापूंची किंकाळी मात्र अगदी नैसर्गिक होती.

दुसरी लॉन्ड्रीची मालकीण. "दुकान माझं, इस्त्री माझी, स्कार्फ माझा. तुमच्या ड्रेसवालीनंच मागून नेला, नटीला घालायला म्हणून. मग बाई कुणाची? माझीच!"

"म्हणजे तुम्हीच होतात?"

"मी मागं वाफेची शेगडी बघत होते. पण सगळं माझंच ना?" तिनं जावईबापूंकडे बघितलं. "काढा शर्ट."

"अंगावरच लावा," सासूबाई म्हणाल्या.

"अंगावर? टोचलं म्हणजे? कोण लावतं असं! काढा हो, लाजता काय, मी रोज दीडशे शर्ट बघते." शर्ट काढून घेऊन तिनं झटक्यात बटण लावलं, पक्की फुली मारून. जाता जाता इस्त्रीही करून दिली.

तिसऱ्या आल्या त्या आत्या. त्या बसल्याच नाहीत. "मीच ती. मला प्रसिद्धी नको म्हणून गप्प होते. ती माझी नजर कॅमेऱ्याला नव्हती, अनंताला होती."

"बटण लावता?"

आत्यांनी सुई उलट्या बाजूनं धरली, मग सुलट धरली, मग नेढं दिसत नाही म्हणून दिवा लावायला लावला. शेवटी त्यांनी जावईबापूंचा शर्ट सेफ्टीपिनेनं जोडला आणि म्हणाल्या, "भाव महत्त्वाचा."

साडेचार वाजले. दिग्दर्शक नखं खात होता. जावईबापू सासूबाईंच्या कानाशी लागले. "आई, माझं मत लॉन्ड्रीवालीला. शिवण पक्की आहे बघा."

"आणि हात आत घातला होता का तिनं?"

"कुठं?"

"शर्टात. तुमच्या."

जावईबापू विचारात पडले. आज शर्टात हात कुणी घातला होता? घातला होता खरा. गार होता. गुदगुल्या...

"सगळ्यांना बोलवा," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही मधोमध उभे राहा. पोट पुढं करा. एरवी करताच."

सगळे जमले. आत्या पाटीखालच्या मोठ्या खुर्चीत. नटी, लॉन्ड्रीवाली, दिग्दर्शक ओळीनं. नायक खोक्यावर, आणि त्याच्या पायाशी बाह्या मोजत ड्रेसवाली. तिला जमायला कुणी सांगितलं नव्हतं आणि जा म्हणूनही कुणी म्हटलं नव्हतं.

"आधी नटीबाई," सासूबाईंनी सुरुवात केली. "तुम्ही खोटं बोलत नाही. फक्त तुम्ही दुसऱ्याच लॉन्ड्रीत गेलात. छताच्या कोपऱ्यातला, लाल दिव्याचा कॅमेरा सिनेमाचा नसतो, चोरांसाठी असतो. आपल्या शॉटमधला कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आहे."

नटीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझे ते तीन तास..."

"त्या दुकानदाराकडे असतील," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी आणवून घेईन. मला बघायचंय, नसण्याचा अभिनय."

नटीनं त्यांचा हात धरला आणि सोडला नाही.

"लॉन्ड्रीवाली बाई मागच्या शेगडीपाशी होत्या, त्यांनीच सांगितलं. शिवाय त्या फुली मारतात आणि शर्ट काढून घेतात. आत्यांना सुईचं तोंड कुठलं तेही ठाऊक नाही."

"भाव—" आत्या म्हणाल्या.

"भाव सेफ्टीपिनेचा. आता शॉट आठवा. बाईचा डावा हात शर्टाच्या आत. सगळे म्हणाले, हृदयावर हात. मी तीस वर्षं सेटवर काढलीत. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा तर शिवणारी आपला तळवा आत धरते. सुई घसरली तर तिला टोचावी, नटाला नाही. ही सवय फक्त एकाच धंद्यात लागते. दुसरं, ते मौन. ओठ मिटलेले, कोपऱ्यात चमक. अश्रू ओठांच्या मधून बाहेर येत नाहीत हो दिग्दर्शक. ती टाचणी आहे. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तुमचं शतक गप्प होतं."

दिग्दर्शक मटकन खाली बसला.

"तिसरं, स्कार्फ. तो नटीसाठी आणला होता. ज्या माणसाचे हात कायम भरलेले, तो आणलेली वस्तू ठेवतो कुठं? अंगावर. सकाळपासून तिच्या डोक्यावर कुणाची तरी हॅट आहे, ती दिसली का कुणाला?"

सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. हॅट अजून होती.

"आणि चौथा पुरावा जावईबापू दिवसभर पोटावर घेऊन फिरतायत. तिसरं बटण बघा."

सगळे वाकले. जावईबापूही वाकले, पण त्यांना स्वतःचं पोट तेवढं दिसलं. बाकीच्यांना मात्र स्पष्ट दिसलं. दोन रेघा. शेजारी शेजारी.

"ड्रेस?" दिग्दर्शक म्हणाला. "पण ती तर रोज इथंच असते!"

"म्हणून तर दिसली नाही. हिला ओळखणारा इथं एकच माणूस आहे. तो हिला 'ताई' म्हणतो, स्वतः स्टूल आणून देतो. वीतभरावरून तीन मिनिटं बघूनही चेहरा दिसला नाही, असं तोच सांगतो." सासूबाई नायकाकडे वळल्या. "खोटं का बोललास रे बाळा?"

नायकानं पाटीकडे बोट केलं. "नाव सांगितलं तर ताईंची नोकरी जाईल. कोपरासाठी माणूस गेला. या तर तीन मिनिटं अख्ख्या दिसल्या."

ड्रेसवालीनं तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या. तिचा आवाज इतक्या लोकांनी एकदम कधी ऐकला नव्हता.

"मला तर वाटलं, शॉट नासला. मागच्या दारानं पळाले मी. पुढं सिनेमा लागला, तेव्हा कळलं." ती थांबली. "मी काही अभिनय नाही केला हो. बटण तुटलं होतं, लावायला गेले. आणि मग हा... एक हात आत, एक सुईवर. टाचण्या काढायला हात नव्हता, नाहीतर बोलले असते काहीतरी. बोलता येईना, म्हणून नुसती उभी राहिले."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?" जावईबापूंनी विचारलं.

तिनं नायकाकडे बघितलं. "यानं कुणाला सांगितलं नाही, तर मी कशाला सांगू?"

नायक खोक्यावरून खाली उतरला.

"त्या दिवशी सकाळी फोन आला होता," तो म्हणाला. "आई गेली म्हणून. विमान संध्याकाळचं होतं. दुकान दोनपर्यंतच होतं. म्हटलं, काम संपवून जावं. बटण तुटलं नव्हतं ताई, मीच पिळून पिळून तोडलं. तो अभिनय नव्हता. सगळे वाहवा करत होते आणि मला बोलवेना."

"कळलं होतं मला," ड्रेसवाली म्हणाली. "अंगावरचं बटण असं आपोआप नाही तुटत." मग जावईबापूंकडे बघून म्हणाली, "यांचं सोडून."

पहिल्यांदा लॉन्ड्रीवाली हसली, मग नटी, मग नायक. हसता हसता नायकानं तोंड फिरवलं. ड्रेसवाली नुसती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, त्या दिवशी राहिली होती तशीच.

आत्या उठल्या, तेव्हा जावईबापूंना वाटलं, ड्रेसवालीची नोकरी गेली. आत्यांनी खुर्चीवर चढून पाटी काढली, उलटी करून भिंतीला टेकवली आणि दिग्दर्शकावर खेकसल्या, "बघतोस काय? पाचला दहा कमी आहेत. फॉर्म आण!"

दिग्दर्शकानं पेन उघडलं. "ताई, तुमचं नाव?"

तिनं सांगितलं. एवढ्या सिनेमांत ते तिथल्या कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"अभिनयाचा अनुभव?"

"लिहा, नाही."

सोहळा सासूबाईंच्या पुढच्या खोलीत टीव्हीवर बघितला. तिकडची रात्र म्हणजे इथली सकाळ. जावईबापूंनी मुद्दाम तोच शर्ट घातला होता. एक बटण लोंबकळतं, दोन सरळ, एक सेफ्टीपीन. बायकोनं नीट लावून देते म्हटलं, तर त्यांनी शर्टाला हात लावू दिला नव्हता.

एका जगप्रसिद्ध नटीनं लखोटा फोडला आणि नाव घेतलं. सभागृहात कॅमेरा शोधत शोधत एका रांगेशी थांबला. तिथं ड्रेसवाली ताई खाली वाकून नायकाच्या कोटाचं अस्तर सारखं करत होत्या. आपलं नाव पुकारलं गेलं, हे त्यांना नायकानं दंडाला धरून उठवलं तेव्हा कळलं.

त्या मंचावर गेल्या. पुरस्काराची बाहुली हातात आली. माइकसमोर उभ्या राहिल्या आणि गप्प. पाच सेकंद. दहा. वीस. ओठ घट्ट मिटलेले. सभागृह हळूहळू उठून उभं राहिलं. पहिल्या रांगेत कुणी डोळे टिपले. निवेदक कुजबुजला, "हे मौन..."

"आई," जावईबापू ताडकन उठले. "टाचण्या!"

"टाचण्या," सासूबाई म्हणाल्या.

नायक दोन ढांगांत मंचावर पोचला. त्यानं त्यांच्या हनुवटीखाली आपला तळवा धरला. ताईंनी त्यात टाचण्या सोडल्या, एक, दोन, तीन. मग पदर नाही, रुमाल नाही, म्हणून त्याच्याच बाहीला तोंड पुसलं आणि म्हणाल्या,

"शिवताना आपला हात आत ठेवायचा. बाकी मला काही येत नाही."

टाळ्या थांबेनात. जावईबापूंनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता आणि त्या तो घासून घासून पुसत होत्या.

"वाफ आली," त्या म्हणाल्या.

खोलीत इस्त्री नव्हती, चहासुद्धा अजून व्हायचा होता. जावईबापूंनी नुसता तिसऱ्या बटणावर अंगठा फिरवला, दोन रेघा लागल्या हाताला, आणि ते चहा ठेवायला उठले.